खोका आपला, निवड त्याची
साधकहो, वाडा सोडून फ्लॅटमध्ये जाताना सामान कमी करावंच लागतं. मग मुलं झोपली की आपण त्यांची मोडकी खेळणी गुपचूप भंगारात देतो, आणि वर म्हणतो, मुलांना अपरिग्रह शिकवला!

पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह शेवटी येतो. अस्तेय त्याच्या आधी, तिसरं. न विचारता उचललेली वस्तू लेकराची असली तरी ती चोरीच. त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो. दुसऱ्यानं केला तर ते नुसतं हिरावणं.

म्हणून मुलाला एक खोका द्यावा. खोका केवढा ते आपण ठरवू. आत काय जाईल ते तो ठरवेल. उरलेलं कुणाला द्यायचं, तेही त्यालाच विचारू. वेळ लागेल, रडूही येईल. तेवढा धीर धरणं हीच आपली साधना.

जय गुरुदेव.