एकमुखी द्यूत

नाशिकच्या कोणत्याही दैनिकाचे आतले पान उघडले, तर चार-आठ दिवसांतून एकदा तरी एक ठरीव बातमी तेथे भेटतेच : अमुक गल्लीत, पत्र्याच्या शेडच्या आडोशाला काही इसम गोलाकार बसून तिरट नावाचा जुगार पैसे लावून खेळताना मिळून आले, त्यांच्या अंगझडतीत रोख रक्कम व जुगाराचे साहित्य असा मुद्देमाल जप्त झाला, आणि महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा दाखल करण्यात आला. या बातमीची भाषा कित्येक पिढ्यांत बदललेली नाही. तीतला 'मिळून आले' हा प्रयोग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. कारण माणसाने काय केले याहून तो कोठे सापडला यावर त्याचा सगळा भर आहे. आमच्या त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमीत राज्याचे भावी फौजदार घडविले जातात. तेथे हा कायदा शिकणाऱ्याला प्रथम हेच समजून घ्यावे लागते, की अधिकृत आज्ञापत्र घेऊन एखाद्या जागेत शिरल्यावर तेथे पत्ते, फासे किंवा चिठ्ठ्यांची पुस्तके सापडली, तर ती जागा जुगाराचा अड्डा होती असे उलट पुरावा येईपर्यंत कायदा गृहीत धरतो, आणि तेथे हजर असलेला इसम खेळण्यासाठीच आला होता असेही गृहीत धरतो. म्हणजे कायद्याचे बोट खेळावर जितके, त्याहून अधिक त्या जागेच्या उंबरठ्यावर.

ही दृष्टी इंग्रजांनी आणली असे कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी द्यूताध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि त्यातील पहिलेच कर्तव्य द्यूत 'एकमुख' करावे, म्हणजे त्याला एकच दार ठेवावे, हे आहे. अध्यक्षाने फासे व कवड्या स्वतः पुरवाव्या, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत, आणि फाशांचे भाडे, पाण्याचा व जागेचा आकार आणि परवान्याची फी वेगळी वसूल करावी. त्याचे कारण मात्र नीतीचे नाही. गुप्तपणे उपजीविका करणारी मंडळी, अर्थात चोर, अशा ठिकाणी ओळखू येतात, हे ते कारण. याज्ञवल्क्यानेही तेच कारण जवळजवळ त्याच शब्दांत दिले आहे आणि पुढे जाऊन असे म्हटले आहे, की राजाचा भाग पोचला असेल आणि खेळ सभिकाच्या, म्हणजे जुगारघर चालविणाऱ्याच्या, देखरेखीखाली उघडपणे झाला असेल, तर जेत्याला त्याचे द्रव्य राजाने मिळवून द्यावे. एरवी देववू नये. उलट मनू आपल्या नवव्या अध्यायात द्यूत आणि समाह्वय, म्हणजे निर्जीव फाशांचा आणि सजीव प्राण्यांच्या झुंजींवरचा असा दोन्ही जुगार, राष्ट्रातून समूळ काढून टाकण्यास सांगतो. त्याच्या लेखी ती उघड चोरी आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत या देशाने जुगाराविषयी जे जे कायदे केले, त्यांत हे दोन आवाज आळीपाळीने आणि पुष्कळदा एकाच पानावर ऐकू येतात. मनू दार बंद करा म्हणतो. कौटिल्य दार एकच ठेवा आणि तेथे आपला माणूस बसवा म्हणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिसरा एक विचार या भूमीत शिरला. मुंबईचे व्यापारी तेव्हा कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय सरासरी भाव येईल यावर पैजा लावीत. सरकारच विक्रेता, आणि त्याच्या हातोड्याचा आवाज ऐकून येथे कोणी श्रीमंत होत होते, तर कोणी दिवाळखोर. अशीच एक पैज वसूल करण्याचा दावा, रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सोजूमल धोंडमल, थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये तेथून निकाल आला, की पैजेचा करार हिंदुस्थानात वसूल करता येतो. सरकार दचकले, त्याच वर्षी एकविसावा कायदा करून अशा पैजा रद्दबातल ठरविण्यात आल्या, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमात हे तत्त्व कायमचे स्थिर झाले. याज्ञवल्क्याचा राजा जेत्याच्या पाठीशी उभा राहत असे. या नव्या राजाने त्याच्याकडे पाठ फिरवली. जिंकणाऱ्याला चोर ठरवायचे नाही आणि त्याचे घेणे वसूलही करून द्यायचे नाही, अशी ही तटस्थता होती. तिला अपवाद म्हणून एकच दरवाजा किलकिला ठेवला होता : घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्याला देण्याच्या पाचशे किंवा त्याहून अधिक रुपयांच्या बक्षिसासाठी केलेली वर्गणी. साहेबाचे घोड्यावरील प्रेम न्यायशास्त्रापेक्षा बळकट होते, असे यावरून कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

पण कायद्याला खरा घाम फोडला तो पावसाने. १८८७ साली मुंबई इलाख्यासाठी जुगार प्रतिबंधक कायदा झाला. हाच कायदा, नावातील 'मुंबई' जाऊन तेथे 'महाराष्ट्र' येऊन, आजही चालू आहे. त्याने 'सामाईक जुगारगृह' ही कल्पना रूढ केली : जेथे जुगाराची साधने ठेवली आहेत आणि मालक किंवा वहिवाटदार त्यापासून नफा घेतो, ज्याला खेळणारे 'नाल' म्हणतात, ती जागा. दिवाळीत घरच्या ओसरीवर भावंडांनी पैसे लावून पत्ते कुटले, तर कायदा तिकडे फिरकत नाही. कारण तेथे नाल घेणारे कोणी नाही. ही व्याख्या मोठ्या विचाराने केलेली होती, परंतु मुंबईच्या व्यापारी पेठेत तेव्हा बरसातीचा सट्टा चाले, आणि त्याला फासे लागत नसत व पत्तेही लागत नसत. अमुक वेळेच्या आत छपरावरच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, एवढाच त्यातला प्रश्न. साधन काय ते आकाश. १८८९ साली हे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा पावसावरची पैज या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय झाला. पाऊस मोजणाऱ्या साधनाला जुगाराचे साधन कसे म्हणावे? लगेच पुढच्या वर्षी, १८९० मध्ये, कायद्यात दुरुस्ती करून पावसाचा सट्टा नावानिशी बंद करण्यात आला.

नाशिककराला येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्ताचा कवी बेहड्याच्या फाशांपायी उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याला शेवटी फासे टाकून शेती करायला सांगतो. निफाड-दिंडोरीकडे घड भरात आले असताना फाल्गुनात गारपीट पाहिलेला द्राक्षबागायतदार हा उपदेश ऐकून काय म्हणेल, याची कल्पना करण्यासारखी आहे. त्याच बागायतदाराला आज सरकारच्या हवामानाधारित फळपीक विमा योजनेतून जी भरपाई मिळते, ती महसूल मंडळातील हवामान केंद्राने किती पाऊस नोंदला यावर ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायासनासमोर आलेले ते पर्जन्यमापक आता विमा कंपनीच्या हिशेबात मानाने बसले आहे. पैज आणि विमा यांत भेद काय, तर विमा उतरवणाऱ्याची स्वतःची वस्तू धोक्यात असते. भेद खरा आहे आणि न्यायाचाही आहे. पण उन्हाळ कांदा चाळीत भरून लासलगावच्या भावाची वाट पाहणारा शेतकरी आणि वायद्यावर तोच भाव लावणारा पेढीवाला यांतला निकट संबंध ज्याने पाहिला आहे, त्याला ती रेघ किती बारीक आहे हे ठाऊक असते.

रेघ ओढण्याचे दुसरे साधन कायद्याने आधीच हाताशी ठेवले होते : केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पुढे १९१२ मध्ये शर्यतींच्या मैदानांचा परवाना कायदा झाला आणि पुण्या-मुंबईच्या मैदानांवर पैज लावणे, कुंपणाच्या आत राहिले तर, सनदशीर ठरले. हे द्यूताध्यक्षाचे एकमुख दारच, फक्त त्यावर टर्फ क्लबाची पाटी. कौशल्याच्या बाबतीत निर्णायक ठरला तो १९६७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि तोही मोठा मौजेचा आहे. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चाले. खटला निजामी अमलातील १३०५ फसलीच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली भरलेला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी म्हटले, की रमीत पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते उचलावे व कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो. तेव्हा तीन पत्त्यांच्या खेळासारखी ती निव्वळ नशिबाची नव्हे. त्या दिवसापासून तेरा पाने हातात धरणारा क्लबाच्या पंख्याखाली प्रतिष्ठित राहिला, आणि तीन पाने हातात धरणारा पत्र्याच्या शेडमागे 'मिळून' येत राहिला. तिरट खेळणाऱ्यालाही समोरच्याच्या डोळ्यांतील भाव वाचावे लागतात, पण हे कौशल्य न्यायालयाच्या हिशेबात आले नाही.

याच्या दहा वर्षे आधी, १९५७ साली, मनूचा आवाज प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पीठावरून फार स्पष्ट उमटला होता. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा तो खटला. बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' नावाच्या साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा चालत. प्रवेशपत्रे आणि शुल्क गोळा करण्याची ठिकाणे मुंबई राज्यात होती, आणि १९४८ च्या मुंबई कायद्यान्वये त्यावर कर लावता येतो की नाही, हा वाद होता. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्यापासून मनु-याज्ञवल्क्यांपर्यंत सगळ्यांची साक्ष काढली आणि जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, असा निर्णय दिला. निकालातील पांडित्याला मी मान देतो. पण मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक अर्थपूर्ण वाटते. खेळाचे घर परराज्यात होते, खेळणारा आपल्या घरी पेन्सील घेऊन बसला होता, आणि दोघांमधून टपाल जात होते. दार बिजागरीतून निखळायला तेव्हाच आरंभ झाला होता.

जुगार हा व्यापार नव्हे असे ठरल्यानंतर बारा वर्षांतच, १२ एप्रिल १९६९ रोजी, महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. घटनेने जुगार आणि पैजा हा विषय राज्यांच्या सूचीत चौतिसाव्या नोंदीखाली ठेवला आहे आणि शासकीय लॉटरीला संघसूचीत स्वतंत्र चाळिसावी नोंद दिली आहे. तेव्हा कायद्याने यात काही वावगे नव्हते. लोकांचा पैसा मटक्याच्या चिठ्ठीत जाण्याऐवजी विकासाच्या कामी यावा, असे तिचे समर्थन होते. मटका तेव्हा ऐन भरात होता. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या खुल्या व बंद भावांवर चालणारा आकड्यांचा जुगार ते भाव येणे थांबल्यावर १९६० नंतरच्या दशकात मुंबईत मडक्यातून, पुढे पत्त्यांतून, आकडा काढू लागला आणि 'ओपन', 'क्लोज', 'पाना', 'जोडी' ही परिभाषा गिरणगावातून नाशिकरोडच्या पानटपरीपर्यंत पोचली. आकडा कागदावर, तोंडी किंवा तारेने कोठेही जात असल्यामुळे घर शोधून भागेना; तेथे कामी येते ते कायद्याचे बारा-अ कलम, ज्यान्वये आकडे छापणे व पसरविणे हाही गुन्हा ठरतो. शहराच्या एका टोकाला भारत सरकारच्या चलनी नोटा छापणारा कारखाना, आणि त्याच रस्त्यावरच्या टपरीत चिठ्ठीवर लिहिलेले दोन आकडे : विश्वासाने चालणारा कागद दोन्हीकडे, पण एकावर सरकारची मोहोर.

कॅसिनोच्या कथेवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला, आणि सत्तेचाळीस वर्षे तो एकदाही अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला. त्याच १९७६ साली गोव्यानेही जुगारबंदीचा कायदा केला. पण १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांना यंत्रे ठेवण्याची आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांना खेळ चालविण्याची मुभा दिली. मांडवीत नांगरलेली ती दीपमाळेसारखी जहाजे पाहताना कौटिल्याची आठवण होते : जमिनीपासून तुटलेले, एकाच शिडीने चढता येणारे एकमुख.

आणि मग दार मुळीच उरले नाही. रमी कौशल्याची, म्हणून भ्रमणध्वनीवरचीही रमी कौशल्याची, या तर्काने १९६७ च्या निकालाचा आडोसा घेऊन खेळ प्रत्येकाच्या खिशात आला. सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर बसवला, आणि तो कौटिल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा कितीतरी भारी होता. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेतील एका चित्रफितीत तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्यावरून मोठा गदारोळ झाला. ते आमच्याच जिल्ह्यातील सिन्नरचे. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्यांच्याकडे क्रीडा खाते आले, या योगायोगावर टीका करण्याची गरजच नाही. त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय अधिनियमाने पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला शिक्षा, आणि बँकांना त्यासाठी पैसा पोचविण्याची मनाई. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. १८८७ च्या कायद्याने ज्याला घरात 'मिळून आला' म्हणून पकडले, त्याला २०२५ च्या कायद्याने फसवला गेलेला म्हणून सोडून दिले. कौशल्याची भिंतही पाडली. राज्यसूचीतील विषयात केंद्राने हात घातला, या मुद्द्यावर न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

पंचनाम्याच्या ठरीव मजकुरात जागेची चतुःसीमा लिहावी लागते : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस बोळ, दक्षिणेस मोकळी जागा. आमच्या अकादमीतून बाहेर पडणारा तरुण फौजदार उद्या एखाद्याच्या हातातील मोबाइल जप्त करील, पंच बोलावील, कागदावर रकाना आखील आणि चतुःसीमेपाशी आला की पेन उचलून क्षणभर खिडकीबाहेर पाहील. बाहेर कदाचित पाऊस असेल.