वाट आणि हत्यार

परवान्याची बंदूक मोटारीत घालून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघालेल्या सज्जन माणसाला वाटेत कुणी अडवावे काय? माणूस प्रामाणिक, कागद चोख, बंदूक रिकामी आणि गवसणीत बांधलेली. मग नाक्यावर तिची पेटी उघडून दाखवायला लावणे हा त्याचा अपमान नव्हे काय? प्रश्न कायद्याचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे.

आम्हां जव्हार-मोखाड्याच्या लोकांना हद्दींचे नवल नाही. मुकणे राजांचे जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. माणसे जागच्या जागी राहिली, हद्दी तेवढ्या हलल्या. उत्तरेला नगर हवेली. तिथे १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. आणि आपल्या प्रश्नावरचा एक मोठा खटला याच शेजारातून उभा राहिला.

पोर्तुगीजांचे दमण समुद्रकाठी, तर दादरा व नगर हवेली आत, आणि मधली जमीन भारताची. १९५४ च्या जुलैत भारताने ही वाट बंद केली आणि त्याच सुमारास तो मुलूख मुक्त झाला. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. न्यायालयाने सांगितले : खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना या वाटेने जाण्याचा हक्क होता, मात्र तो भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तसा हक्क नव्हता. पूर्वीपासून त्यांना प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी लागे. या दुसऱ्या मुद्द्यावर न्यायाधीशांची मते आठ विरुद्ध सात अशी पडली.

म्हणजे वाट तीच, पण माणसाने जावे आणि हत्याराने आधी विचारावे. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. मिठाचे पोते गावातून गेले तर गावाचे काही बिघडत नाही. बंदूक गेली की मात्र गावाला तिच्या मालकाच्या सद्बुद्धीवर विसंबून राहावे लागते. मालक स्वतःला ओळखतो, गाव त्याला ओळखत नाही. परवाना म्हणजे या अनोळखी गावाला दिलेली ओळख.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परवान्याची ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने. त्यात एतद्देशीयाने परवाना काढावा आणि युरोपियनाला सूट असावी, असा पंक्तिप्रपंच होता. ती चौकशी नव्हे, मानखंडनाच होती. पण तिच्यातला अन्याय विचारण्यात नव्हता, काहींनाच विचारण्यात होता. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. आज बंदूक नेता येते ती परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्रातच. जव्हारहून सिल्वासाला किंवा पुढे गुजरातेत न्यायची तर परवाना तिथवर चालणारा हवा, नाहीतर वेगळी परवानगी काढावी लागते. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत ती खास परवानगीवाचून नेता येत नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगे रात्रभर नाचतात आणि लहान पोरे पुढे बसून ती पाहतात. त्या गर्दीत खरी बंदूक नको, हे कुठल्या आईला पटवून द्यावे लागेल?

मात्र ज्या नाक्यावर फाटक्या सदऱ्याच्या माणसाचे गाठोडे उलटेपालटे होते आणि भारी मोटारीला सलाम ठोकून वाट मिळते, तिथे १८७८ सालच अजून चालू आहे असे म्हणावे लागेल. म्हणून प्रतिष्ठिताने तर आपली पेटी स्वतः होऊन उघडावी. त्यात त्याचा मान जात नाही. मागून पायी येणाऱ्या माणसाचा मान तेवढा राखला जातो.

आपण भले आहोत हे आपल्याला ठाऊक असते. ज्याच्या दारावरून आपण जातो त्यालाही ते कळावे, एवढी तसदी घेणे यालाच मी सभ्यता म्हणतो.