द्राक्षबागांतून सायकलवर

नाशिकहून गंगापूर धरणाच्या बाजूने सकाळी सायकलस्वारांचा जथा निघतो. मोटारीतून द्राक्षबागा म्हणजे नुसती हिरवी भिंत. सायकलवरून मांडव, तारा, ठिबकच्या नळ्या वेगवेगळ्या दिसतात. इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते, ऑक्टोबरची गोडी छाटणी घड आणते. त्या घडांवर ऐन वेळी गारपीट झाली, की वर्ष गेलं! वायनरीत पेला हातात धरून फोटो सगळेच काढतात, काढोत बापडे. पण नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्यासाठी पिकतात, वाइनसाठी थोडीच. तेव्हा मंडळी, बांधावर शेतकरी दिसला तर घंटी वाजवत सुसाट जाऊ नका. उतरा, रामराम करा, यंदा माल कसा आहे ते विचारा.