परतलेल्याला जामीन कोण?

व्यसनी मनुष्य तुरुंगातून सुटून गावी आला की धर्मग्रामात एक वाक्य हमखास ऐकू येते : "खरोखर सुधारला का ते आधी पाहू." वाक्य वरकरणी शहाणपणाचे आहे. ज्याने आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, शेजाऱ्याची सायकल परस्पर विकली, त्याच्यावर पहिल्याच दिवशी विश्वास टाका असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. परंतु या वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे, आणि ती गल्लत एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

जिवावर बेतते हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतर नागरिकांच्या सुमारे तेरापट आढळले. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तर शंभरपटीहूनही अधिक होते. याचे कारण गूढ नाही. गर्द किंवा अफूच्या जातीचे द्रव्य नित्य घेणाऱ्याचे शरीर हळूहळू मोठी मात्रा सोसू लागते. काही महिने ते द्रव्य मिळाले नाही की सोसण्याची ती शक्ती ओसरते. मनाला मात्र जुनीच मात्रा आठवत असते. सुटलेला माणूस पूर्वीइतकेच घेतो, श्वास मंदावत जातो, आणि पुष्कळदा जवळ कोणीच नसते. तिकडचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, पण शरीराचा धर्म वसईत काय आणि वॉशिंग्टनमध्ये काय, एकच आहे.

म्हणजे ज्या पंधरवड्यात आपण दुरून पारख करीत असतो, तोच त्याच्या सर्वाधिक धोक्याचा पंधरवडा असतो. दारूचे व्यसन असलेल्याचीही कसोटी याच दिवसांत लागते. तुरुंगात त्याने दारू सोडली असे आपण म्हणतो. वस्तुतः बहुतेकांना तेथे ती मिळत नसते, इतकेच. (तेथेही वाट काढणारे असतात, त्यांचा विषय वेगळा.) सोडण्याचा निर्णय त्याला बाहेर पडल्यावर, पहिल्या गुत्त्यासमोरून जाताना घ्यावा लागतो.

शिवाय सुटकेचा दिवस सांगून येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातील सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे कैदी होते. अशांची सुटका जामिनाचा हुकूम तुरुंगात पोहोचण्यावर अवलंबून. ठाण्याच्या किंवा तळोज्याच्या कारागृहाबाहेर तिन्हीसांजेला हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाजवळ घरचा पत्ता असतो. तेथे जाण्याचे धैर्य असतेच असे नाही. त्याला घ्यायला कोण येते? पुष्कळदा जुने सोबती येतात. त्यांना पारख करायची नसते.

सेमिनरीत आम्हांला शिकवले होते की विवेक हा सद्गुणांचा सारथी आहे. तेव्हा कपाटाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी हे विवेकाने ठरवावे. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट याने १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही प्रथम तीनच महिन्यांची. पुढे तो खिशात पैसे बाळगीनासा झाला, कारण त्याला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला 'पूजनीय' म्हणून गौरविले. म्हणून मुलाच्या हाती रोख रक्कम न देणाऱ्या आईला कोणी कठोर म्हणू नये. विश्वास सावकाश येऊ द्यावा, पण सोबतीला थांबता येत नाही. तुरुंगाच्या दारापर्यंत जाणे, सोबत जेवणे, दवाखान्यात नेणे, रात्री फोन उचलणे, यांपैकी कशासाठीही आधी सुधारणेचा दाखला लागत नाही.

येथे एक अडचण येते, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोबत द्यावी हे खरे, पण कोणी? आपण हे ओझे न बोलता त्याच्या पत्नीच्या डोक्यावर ठेवतो. जिने मार खाल्ला, मुलांची फी भरण्यासाठी चार घरची धुणीभांडी केली, तिलाच आपण क्षमेवर प्रवचन ऐकवतो. संत पौलाने असे केले नाही. घर सोडून गेलेला दास अनेसिम त्याला बंदिवासात भेटला. पौलाने त्याला फिलेमोनकडे परत पाठविले, बंधू म्हणून स्वीकार असे लिहिले. परंतु त्याचबरोबर, याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. शिवाय आपल्यासाठी एक खोली तयार ठेव, असेही शेवटी कळविले. हा जामीनदार स्वतः येऊन पाहणार होता.

धर्मग्रामाने अशा देण्यातले काही आपल्या खात्यावर घ्यावे. अशी सोबत करायला सर्वांत योग्य तो, जो स्वतः त्या वाटेने गेला आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभासदांनी १९४२ सालीच कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात सभा सुरू करून हे ओळखले होते. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेल्या 'कृपा'चे केंद्र वसईतही आहे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. तेथील उपचार संपल्यावर राहतो तो आपल्या गल्लीतला प्रश्न : रविवारच्या मिस्सेनंतर त्याच्याशी बोलत कोण उभे राहते, आणि लग्नाच्या मांडवात त्याच्या हातात सरबताचा ग्लास कोण देते.

आणि तो पुन्हा घसरला तर? या आजारात असे घडते; एकदाच नव्हे, अनेकदा घडते. पत्नीने त्या रात्री दार उघडले नाही, तर तो तिचा अधिकार आहे. मुले आत झोपलेली असतात. मग मध्यरात्री त्याने कोणाचे दार ठोठवायचे, त्याचे नाव आणि पत्ता धर्मग्राम परिषदेने आधीच ठरवून ठेवलेला असावा, आणि तो त्या पत्नीलाही ठाऊक असावा.