भोजनाची मात्रा



दारू संपूर्ण सोडता येते. अन्नाचे तसे नाही. ज्याला खाण्याचे व्यसन जडले, त्याला रोज त्याच ताटासमोर बसावे लागते. त्याने काय करावे?

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची हकीकत आहे. राजा द्रोणभर भात खाई. एकदा जेवून धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला हिणवले नाही, उपाशी राहण्यासही सांगितले नाही. सावधपणे मात्रा ओळखून जेवावे, या अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावले. आपण जेवताना ती म्हणण्यासाठी रोज १०० कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला.

यातील मर्म ध्यानात घ्या. राजा एकट्याच्या निश्चयावर विसंबला नाही. त्याने सोबती घेतला.

ज्यांच्या वाडवडिलांनी शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यांचा पोटभर जेवण हा हक्कच आहे. त्याची लाज बाळगू नका. परंतु भुकेचे भय पोट भरल्यावरही मनात उरते आणि हात पुन्हा ताटाकडे नेते. ही तृष्णा होय. देहदंडाने ती जात नाही. ६ वर्षे देह कष्टवून सिद्धार्थ गौतमांनी तो मार्ग टाकला.

म्हणून पौर्णिमेस अष्टशील घ्या. मध्याह्नानंतर जेवू नका आणि मन काय मागते ते पाहा. आजाऱ्याने मात्र औषधपाणी सांभाळूनच हे करावे. घरात कुणी असा पीडित असेल तर त्याला हसू नका. त्याचे सुदर्शन व्हा.

भवतु सब्ब मंगलम्!