मागच्या सीटवर



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ व्हरांड्यात रेंगाळले. म्हणाले, "फादर, तुम्हीच तिला समजवा. तुमचं ती ऐकेल." त्यांच्या पत्नीला चाकणला काम मिळाले आहे. देहूरोडहून निगडी, तिथून तळवडे, पुढे आणखी एक वाहन, असे करीत सकाळची पाळी गाठायची म्हणजे रोजची परीक्षाच. नवऱ्याला कंपनीची बस आहे, त्यामुळे त्याची मोटारसायकल दिवसभर दारात उभी. तेव्हा तिने ठरवले की तीच शिकायची. "स्कूटी घ्या" असे सांगणे सोपे, हप्ता कोण भरणार? (हे आम्ही पापनिवेदनात ऐकलेले नाही, चहा घेताना ऐकले, आणि इथे लिहायला दोघांनीही परवानगी दिली आहे.)

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. ज्याने संसार केला नाही त्याने संसाराविषयी बेतानेच बोलावे. पण प्रश्न मनातून जाईना. नवऱ्याची भीती खोटी नाही. तळवड्याहून चाकणकडे जाणारे कंटेनर ज्यांनी अगदी जवळून पाहिले आहेत, ते त्याला भित्रा म्हणणार नाहीत. मग आपल्या माणसाला धोक्यापासून अडवणे हे प्रेम, की ताबा?

संत थॉमस अक्वायनस मान्य करतात की भीती प्रेमातूनच जन्माला येते. जे आपल्याला प्रिय नाही, ते गमावण्याची भीती कशाला वाटेल? पण प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, हेही तेच सांगतात. म्हणून भीती वाटली की स्वतःला विचारावे लागते: मी तिच्या भल्यासाठी घाबरतो आहे, की तिला काही झाले तर माझे कसे होईल म्हणून? खरे तर दोन्ही मिसळलेले असते. आम्ही त्या गृहस्थांना एवढेच विचारले, की कंपनीची बस सुरू होण्याआधी तुम्ही त्याच रस्त्याने कशावरून जात होता? ते हसले. तेव्हाही रस्ता तोच होता आणि घरी वाट पाहणारी हीच होती. तिने चावी लपवली नव्हती. धोका जर रस्त्याचा असेल तर तो दोघांना सारखाच आहे. फरक आहे तो सरावाचा, आणि सराव शिकल्याशिवाय येत नाही.

आपल्या भागातल्या बायकांनी हा विश्वास फार वर्षे निभावला आहे. बजाजची चेतक १९७२ साली आली. आकुर्डीचा कारखाना हाकेच्या अंतरावर असल्याने आपल्याकडे किती घरांत ती होती हे जुन्या लोकांना विचारा. नवरा पुढे, एक मूल त्याच्या पायांपाशी उभे, बायको मागे आडवी बसलेली, मांडीवर दुसरे मूल. तिच्या हाताशी ना ब्रेक, ना क्लच. कुणी तिला धाडसी म्हटले नाही, कारण ते तिचे कामच समजले गेले. आता तीच जागा नवऱ्याच्या वाट्याला आली, आणि त्याला घाम फुटला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. मोटारसायकलवर ती सोय नाही. शिकाऊ परवाना असलेल्याने मागे कुणाला बसवू नये, अपवाद फक्त परवानाधारक शिकवणाऱ्याचा, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. म्हणजे कायद्याने नवऱ्याला मागची सीट दिली आहे, ब्रेक दिलेला नाही.

मग तो जिभेने ब्रेक लावू पाहतो. सेमिनरीत असताना आम्ही मोटारसायकल शिकलो तेव्हा मागे बसलेला एक सोबती सारखा "ब्रेक! ब्रेक!" ओरडत होता. आम्ही बारीक खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि दोघेही आडवे झालो. कोपराची खूण अजून आहे. रस्त्यावर काहीच नव्हते, तो फक्त घाबरला होता.

उलट टोकही विसरू नये. काही पती इतके उत्साही की बायकोने शिकलेच पाहिजे असे तेच ठरवून टाकतात. गोपाळराव जोशींनी आनंदीबाईंना शिकवले. समाजाचा विरोध सोसून त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, याचे श्रेय गोपाळरावांना आहेच. पण लहान वयात अभ्यासासाठी त्यांनी तिला मारही दिला. पाठिंबा आणि सक्ती एकाच हातून होऊ शकतात. हाताखालच्या माणसाला कोणते काय वाटले, ते त्यालाच विचारावे लागते. आपल्या या बाईने मात्र स्वतःहून ठरवले आहे, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

आम्ही तिला काही समजावले नाही. चर्चचे पटांगण दिले. आता रविवारी दुपारी ती तिथे 'आठ' काढते. सुरुवातीला क्लच एकदम सुटून गाडी चारदा बंद पडली. नवरा भिंतीपाशी उभा राहून ओठ चावत होता. गेल्या रविवारी तो पहिल्यांदा मागे बसला. तिने मान वळवून सांगितले, "अहो, खांदे एवढे घट्ट धरू नका, हँडल हलतं." त्याने हात काढून मांडीवर ठेवले.

आणखी कुणाला शिकायचे असेल तर पटांगण रविवारी दुपारी तीन ते पाच मोकळे असते. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असेल त्या दिवशी मात्र नाही. हेल्मेट दोघांनीही घालावे, मागे बसणाऱ्यानेही.