शरीर सोसते, म्हणून

"अजून तरी काही होत नाही ना?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि बहुतेकांनी उच्चारलेही आहे. रात्रपाळी संपवून लगेच दिवसपाळीला उभा राहणारा माणूस ते म्हणतो. औषध अर्ध्यावर सोडणारी आई ते म्हणते. वाक्य दिसते धीराचे. पण त्यात एक समजूत दडलेली आहे. शरीर तक्रार करीत नाही, त्या अर्थी त्याला हे चालते आहे, अशी ती समजूत. ती खरी आहे काय?

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे राहतात. सुरत-भुसावळ लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ती आली आणि यंत्रमाग, कापड रंगविण्याच्या गिरण्या व साड्यांचे बाजार यांच्या आधाराने स्थिरावली. यंत्रमागांवर बारा तासांची पाळी ही तेथे नवलाची गोष्ट नाही. मजुरी पुष्कळदा विणलेल्या मीटरवर मिळते. हात थांबला की पैसा थांबला. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली मागापाशी उभ्या असलेल्या अशा एका माणसाच्या देहात काय चालते, ते क्षणभर पाहू या.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. शरीराची उष्णता 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राखणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक काम. उष्णता थोडी वाढताच तो त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करवितो, म्हणजे आतील उष्णता रक्ताबरोबर बाहेर येते. आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. परंतु सुरत समुद्राजवळ, तापीच्या काठी वसलेले आहे. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेल्या घामाने पाणी जाते, उष्णता जात नाही. मग शरीर आणखी घाम काढते.

पाणी घटले की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. एक-दोन टक्क्यांचा फरकही मेंदूला कळतो. पिट्यूटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांना निरोप जातो, की पाणी राखा. ही दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातील एक-दीड लिटर लघवीवाटे सोडून बाकीचे सारे रक्ताला परत देतात. आता ती आणखी काटकसर करू लागतात. लघवी थोडी आणि गडद होते. हृदय वेगाने धावते, कारण त्वचेलाही रक्त हवे आणि राबणाऱ्या स्नायूंनाही हवे. आतड्यांना आणि मूत्रपिंडांना मिळणारे रक्त कमी करून ही गरज भागविली जाते. घरात पाहुणे आले म्हणजे आईने आपल्या ताटातले काढून द्यावे, तसाच हा प्रकार.

एवढी धावपळ चालली असता त्या माणसाचे लक्ष कोठे असते? धाग्यावर! त्याला तहान तेवढी जाणवते. काम करणारी बाई असेल आणि कामाच्या जागी शौचालय नसेल, तर ती तहानही मारते.

उष्णतेची जी गोष्ट, तीच इतर व्यवस्थांची. रक्तातील साखर वाढली तर इन्शुलिन येते, उतरली तर ग्लुकॅगॉन येते. रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा जरी साठला तरी श्वास आपोआप खोल होतो, मग आपण झोपेत का असेना. मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्ताच्या दाबावर सतत पहारा असतो. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की बाहेर काहीही घडो, देहाच्या आतील वातावरण स्थिर राखले जाते. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन याने 1926 साली या गुणाला होमिओस्टॅसिस असे नाव दिले. आपण त्याला समस्थिती म्हणू.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ही समस्थिती फुकट मिळत नसते. ती राखण्यासाठी शरीर आपली गंगाजळी खर्च करीत असते, आणि हा खर्च बाहेरून दिसत नाही. धडधाकट तरुणाचे शेकडा पंधरा-वीस भाग रक्त वाहून गेले तरी त्याचा रक्तदाब पडलेला नसतो. नाडी मात्र धावत असते. मूत्रपिंडांची निम्मी शक्ती गेली तरी माणसाला काही जाणवत नाही, कित्येकदा रक्ताची साधी तपासणीही ठीक दिसते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत उसाच्या मळ्यांत उन्हातान्हात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे आढळले. त्याच्या सर्व कारणांचा उलगडा झालेला नसला, तरी उष्णता, श्रम आणि पाण्याची तूट यांच्याकडे शास्त्रज्ञांचे बोट आहे. त्या मजुरांनाही फार उशिरापर्यंत 'काही होत नव्हते'. तात्पर्य, शरीर गप्प असते तेव्हा ते सुखात असते असे नाही. पुष्कळदा ते झुंजत असते. सोसणे म्हणजे संमती नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "देह झिजविण्यासाठीच तर आहे. मुलांच्या शिक्षणासाठी बाप दुहेरी पाळी करतो, हा त्याचा त्याग नव्हे काय?" हा आक्षेप हलका नाही. अशा बापापुढे मान लवते, आणि लवावी. चंदनाने झिजावे हे खरे. पण किती झिजावे आणि कोणाच्या सहाणेवर, हे चंदनाला कोण विचारतो? काय देतो आहोत हे जाणून दिले तर तो त्याग. आपल्या ताटातले किती उरले हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्याकडून घेतले जाते तेव्हा त्याला त्याग म्हणून आपण आपल्याच मनाची समजूत घालतो. शेठ म्हणतो, "जादा पाळी तो स्वतःच मागतो." घरची मंडळी म्हणतात, "त्यांनी कधी सांगितलेच नाही." दोघेही खरे बोलत असतील. तरी दोघांनीही त्याचे मौन आपल्या सोयीचे म्हणून मानले, ही गोष्ट उरतेच.

मग उपाय कोणता? तो शरीरच शिकविते. शरीर तक्रारीची वाट पाहत नाही. मूत्रपिंड दुखू लागेल तेव्हा पाहू, असे मेंदू म्हणत नाही; अंगी दुखणे येण्यापूर्वीच तो चौकशी करीत असतो. 1932 साली आपल्या ग्रंथाच्या शेवटी कॅनननेही हाच विचार मांडला, की समाजाला शरीरापासून काही घेता येईल काय?

सुरतेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तुंबलेली गटारे आणि कचऱ्याचे ढीग ते शहर वर्षानुवर्षे सोसत होते. सप्टेंबर 1994 मध्ये तेथे प्लेगची साथ आली आणि थोड्याच दिवसांत लाखो लोक घरेदारे सोडून निघून गेले. 1995 साली एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले, आणि साहेबलोकांना खोलीतून उठवून रोज गल्लीबोळांत फिरावयास लावले. तक्रार येईल तेव्हा पाहू, ही रीत मोडली. दीड-दोन वर्षांत त्याच सुरतेचे नाव देशातील स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले.

पौलाने करिंथ येथील मंडळीला शरीराची उपमा दिली, ती आपण अनेकदा ऐकतो. एका अवयवाचे दुःख ते सर्वांचे दुःख, हे आपल्याला पाठ आहे. पण अवयव बोलेपर्यंत थांबावे, असे त्या उपमेत कोठेही नाही. विसाव्याच्या दिवसाची आज्ञाही अशीच आहे. थकलेल्याने मागावी तेव्हा द्यावी, अशी ती विश्रांती नव्हे. सहा दिवसांनंतर ती येतेच, आणि ती धन्याला आहे तशीच चाकरालाही आहे, मुक्या बैलालाही आहे.

म्हणून वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी जो "मला काही होत नाही" असे म्हणतो, त्याच्याकडे या आठवड्यात जरा निरखून पाहा. पाणी किती पितोस, लघवी कशी होते, झोप किती मिळते, रक्तदाब कधी तपासला, हे विचारावयास लाजू नका. उन्हात राबणारा माणूस बरळू लागला, अंग भाजू लागले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि विनाविलंब दवाखान्यात पोचवा. मात्र त्या घटकेपर्यंत थांबण्याची पाळी येऊ नये. ज्याच्या हाताखाली माणसे राबतात, त्याने पाण्याचा माठ, पंखा, शौचालय आणि सुटी ही मागण्याआधी द्यावी.

शरीर सोसते, हे देवाचे देणे आहे. ते सोसते म्हणून त्याच्यावर आणखी लादावे, ही मात्र आपली करणी आहे.